कारवानी कुत्र्याची जात पडताळणी

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तो ठराव लागला तेव्हा मी आधी हसले, मग फोटो काढला, आणि जिना चढता चढता खरी संतापले. ठराव असा होता: यापुढे आवारात फक्त ब्रीडचे कुत्रे पाळता येतील, गावठी कुत्रे महिनाअखेरपर्यंत बाहेर काढावेत. खाली सेक्रेटरीची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का.

मीरा रोडला हाटकेशच्या आमच्या त्या बिल्डिंगमध्ये नऊ कुत्रे होते. आठ गुबगुबीत, केसाळ, दोघांना तर स्वेटर. नववा आमचा. उंच, पोट पाठीला लागलेलं, तोंड लांबुळकं, पाय असे की बसताना कुठला आधी दुमडायचा याचा त्याला विचार करावा लागे. रिटायर झाल्यावर पप्पांनी तो लातूरकडच्या आमच्या गावाहून पिल्लू असताना आणला होता. कारवानी. तिकडे ही शिकारी जात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ती अशीच दिसते. इकडे मात्र लिफ्टमध्ये लोक पप्पांना विचारायचे, “अंकल, इसको खाना नहीं देते क्या?”

ठराव वाचून पप्पा स्टुलावर चढले. माळ्यावरची बॅग काढली, फडक्याने पुसली, दारामागे ठेवली.

“हे काय?”

“ते गेलं तर मी बी गावाकडं जातो.”

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पस्तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालेला हा माणूस पहिले कित्येक महिने खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगचं प्लास्टर बघत होता. कुत्रा आला आणि तो सकाळ-संध्याकाळ बाहेर पडायला लागला, भाजीवाल्याशी भांडायला लागला, जेवायला लागला. गावी गेले असते तर ते परत आले नसते. म्हणजे प्रश्न कुत्र्याचा नव्हताच. पण नोटीस बोर्डावर पप्पांचं नाव नव्हतं, कुत्र्याचं होतं, म्हणून लढाई कुत्र्याची.

मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. पाण्यावर, फुटपाथवर, वसतिगृहाच्या खाणावळीवर. एका रात्रीत पत्रक तयार झालं: ‘जात माणसाची असो वा कुत्र्याची, मुर्दाबाद!’ त्यात कायदा होता, सोसायटीला असा ठराव करताच येत नाही हे होतं, आणि तिसऱ्या परिच्छेदात रक्तशुद्धीच्या कल्पनेची मी सालटी काढली होती. पहिली प्रत सेक्रेटरीच्या हातात दिली. माणूस वाईट नव्हता. चष्मा लावून सगळं वाचलं, पत्रक मराठीत असूनही.

“अच्छा लिखा है, बेन. तो कोर्ट में जाओ ना. नंबर लगेगा तब तक आपका डॉग भी नहीं रहेगा और मैं भी सेक्रेटरी नहीं रहूँगा. मेरे को क्या दुश्मनी है? ब्रीड का पेपर लाओ, बात खतम.”

मी घरी येऊन आदळआपट केली. पप्पा शांतपणे म्हणाले, “कागदच मागायलेत ना? मग कागद देऊ की.”

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी फार जुनं आहे. माझ्या ॲडमिशनच्या वेळी जात पडताळणीसाठी त्यांनी तालुक्याला किती खेपा घातल्या ते मी पाहिलंय. त्यांच्या आजोबांचं नाव ज्यात होतं ते गावचं जन्ममृत्यूच्या नोंदींचं जुनं कोतवाल बुक उंदरांनी अर्धं खाल्लेलं, उरलेल्या अर्ध्यात आम्ही सापडलो. तेव्हापासून पप्पांचा एकच धर्म: मूळ प्रत आणि तीन झेरॉक्स.

इकडे मी फोनाफोनी केली. इथल्याच किनाऱ्याकडच्या डोंगरी गावात एका लग्नाच्या लॉनवर श्वान प्रदर्शन भरणार होतं, आणि ज्या कुत्र्याला कागद नाही त्याला तिथले परीक्षक स्वतः तपासतात, जातीची लक्षणं पटली तर तसं लिहून सही देतात, असं कळलं. मी पप्पांना सांगितलं, फक्त कुत्रा न्यायचा. आठ दिवसांनी पाहते तर त्यांनी फाईल तयार केलेली. सरपंचाचा दाखला की सदर कुत्रा आमच्या गावचा रहिवासी आहे. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र. माझ्या चुलत्याच्या सहीने कुत्र्याची पाच पिढ्यांची वंशावळ, झाडाच्या आकृतीसकट. आणि कुत्र्याचे दोन पासपोर्ट फोटो, पांढऱ्या पडद्यासमोर, दोन्ही कान दिसतील असे.

“पप्पा, हे काय आहे?”

“लागतंय. आत्ता न्हाय म्हणतील, खिडकीशी गेल्यावर मागतील.”

मी पिशवीत पत्रकं भरली. ते फाईल घेऊन निघाले. तीन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून मान हलवली, चौथ्याने विचारलं, “काटता है?” पप्पा म्हणाले, “वकील नहीं है.” बसवलं.

लॉनच्या दारावर आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच होती, फुगे थोडे सुकलेले. आत स्टेजवर त्या नवरानवरीच्या लाल-सोनेरी खुर्च्या. नवऱ्याच्या खुर्चीत परीक्षक, पांढऱ्या मिशांचा, कोट घातलेला एक वयस्कर माणूस. नवरीच्या खुर्चीत चषक. समोर दोरीने आखलेलं रिंगण आणि त्यात शिकारी जातींचे कुत्रे: सहा बीगल, जमिनीवर कान लोळवणारा एक बॅसेट, आणि केस खराब होऊ नयेत म्हणून टोपरं घातलेला एक अफगाण हाउंड. प्रत्येकाच्या मालकाच्या दंडाला नंबर बांधलेला. आणि तोंडावर तो भाव, जो मी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पाहिलाय.

मी लगेच पत्रकं वाटायला लागले.

पप्पा दबक्या आवाजात म्हणाले, “आपण कागद मागायला आलोय का भांडायला? काय करायलीस तू?”

“दोन्ही.”

लोकांनी घेतली. एका बाईंनी पत्रकाने वारा घेतला. एका माणसाने मन लावून वाचलं, घडी घातली, आणि त्याच्या बीगलने हिरवळीवर जे केलं होतं ते त्या घडीने उचललं. माझ्या लिखाणाचा इतका तातडीचा उपयोग त्याआधी झाला नव्हता.

परीक्षण सुरू झालं. परीक्षक एकेका कुत्र्यापाशी जात, ओठ वर करून दात बघत, पाठीवरून हात फिरवत, शेपटीचं मूळ दाबत, मग म्हणत, “चालवा.” सगळं शिस्तीत चाललं होतं आणि वारा फिरला. लॉनच्या भिंतीपलीकडे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते. सहाच्या सहा बीगलांची नाकं एकाच वेळी त्या दिशेला वळली. परीक्षक म्हणाले, “सरळ चालवा,” आणि सहा मालक तिरके चालत भिंतीला जाऊन भिडले. बॅसेटने आडवं पडून असा सूर लावला की स्टेजवरचा चषक हलला. भिंतीवरून एका कोळी बाईने डोकं वर काढलं.

“बोंबलाचा वास हाय त्यो, काय खात न्हाय तुमच्या कुत्र्यांना! वरडतान कशाला?”

मालक घामाघूम. एकाने खिशातून बिस्किटं काढली, एकाने कुत्र्याच्या नाकाला स्वतःच्या परफ्यूमचा रुमाल लावला, त्यामुळे कुत्रा शिंकत शिंकत भिंतीकडे निघाला.

आमचा कुत्रा रिंगणाबाहेर जिथे उभा केला होता तिथेच उभा होता. मान ताठ, एक पाय किंचित उचललेला. त्या वासाचं त्याला काही नव्हतं. तो भिंतीच्या वरून, लांब, कुठेतरी बघत होता.

परीक्षक बीगलांना तसंच सोडून आमच्याकडे आले. पप्पांनी ताबडतोब फाईल उघडली.

“सर, हा रहिवासी दाखला, ही वंशावळ, मूळ प्रत बघून झाली की परत...”

“कागद नको. कुत्रा दाखवा.”

पप्पांच्या तोंडावर जे आलं ते मला विसरता येत नाही. पस्तीस वर्षांत त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. कागद नको म्हणजे नकारच, असा त्यांनी अर्थ काढला. फाईल छातीशी धरून ते मागे सरकले. परीक्षकांनी दात पाहिले, छाती पाहिली, मांड्या दाबल्या. मग कुत्र्याच्या मागे उभे राहून तो बघत होता तिकडे बघायला लागले.

“काय बघतोय हा?”

“बगळा,” पप्पा म्हणाले.

“मला दिसत नाही.”

“मला बी न्हाय. त्याला दिसतो.”

आम्ही चौघं थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग पार खाडीच्या कडेला, माडांच्या पलीकडे, एक पांढरा ठिपका उडाला. परीक्षक मिशीत हसले. “ते बिचारे नाकाने शिकार करणारे, त्यांचा काय दोष? हा डोळ्याने करणारा.” खिशातून फॉर्म काढला, आणि त्याच्याबरोबर माझं पत्रक बाहेर आलं. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी न्हाय,” पप्पा म्हणाले. “ती.”

“चांगलं आहे. तिसरा परिच्छेद तर फारच.” पेन उघडलं. “मग मॅडम, तुमच्या मते जात नसतेच. याच्या फॉर्मवर जातीच्या रकान्यात काय लिहू? कोरं ठेवू?”

मी पप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, कुत्र्याच्या पट्ट्याशी चाळा करत होते. दारामागची बॅग माझ्या डोळ्यांसमोर होती. तिसरा परिच्छेद मला पाठ होता, प्रत्येक शब्द.

“कारवानी,” मी म्हणाले.

“शुद्ध?”

“शुद्ध.”

हा शब्द मी त्याआधी फक्त शिवी म्हणून वापरला होता. परीक्षकांनी सही केली. फॉर्म वाचला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. फाईल पाहिलीच नव्हती, म्हणून वडील: अज्ञात. आई: अज्ञात. जात: कारवानी, परीक्षणाने मान्य. कागदावर आईबाप अज्ञात असताना कुत्र्याला नुसतं उभं राहून जात मिळाली, आणि आम्हाला उंदरांनी खाल्लेल्या कोतवाल बुकातून खापरपणजोबा शोधून काढावे लागले! मी हे मोठ्याने बोलले. परीक्षक म्हणाले, “खरं आहे,” आणि पुन्हा बीगलांकडे गेले. पप्पांनी वाटेतच फॉर्मच्या तीन झेरॉक्स काढल्या.

त्या रविवारी कमिटीची मीटिंग. सेक्रेटरीने चष्मा लावला.

“फादर अननोन, मदर अननोन. बेन, ये तो स्ट्रे का ही सर्टिफिकेट हुआ ना.”

मी तोंड उघडलं, पण पप्पा आधी उभे राहिले. मीटिंगमध्ये ते कधी उभे राहत नाहीत.

“साहेब, तुमच्या कुत्र्याच्या वडिलांचं नाव काय?”

कुणीतरी खुर्ची सरकवली.

“मेरा शित्झू है. प्योर. दुकान से लिया.”

“कागद?”

“दुकानवाले ने बोला था भेजेगा.”

पप्पांनी शांतपणे बाकीच्या सात जणांना विचारलं. कुणाचा भाच्याने दिलेला, कुणाचा वाढदिवसाला आलेला, एकीचा तर मीरा रोड स्टेशनबाहेर सापडलेला, फक्त स्वेटरमुळे कुणाला संशय आला नव्हता. कागद कुणाकडेच नव्हता. मग पप्पांनी टेबलावर आमची फाईल ठेवली: परीक्षकांची सही, वर सरपंचाचा दाखला, वर नोटरी, वर पाच पिढ्यांचं झाड. ठरावाप्रमाणे आवारात राहायचा हक्क असलेला एकच कुत्रा निघाला आणि तो खाली गेटपाशी कबुतर बघत उभा होता.

मला वाटलं, आता ठराव रद्द होणार. मी टाळ्यांसाठी हात वर घेतले होते. पण कागदापुढे माणसं काय होतात हे मी पत्रकांत लिहिते, तरी दर वेळी विसरते. सेक्रेटरीने वंशावळ उचलली, उजेडात धरली, स्टॅम्प पेपरवरून बोट फिरवलं.

“अंकल,” तो म्हणाला, “वो सरपंच का नंबर मिलेगा?”

ठराव आजही बोर्डावर आहे. बॅग माळ्यावर गेली, ती मीच ठेवली. संध्याकाळी कुत्र्याला फिरवून आणलं की पप्पा जेवणाच्या टेबलाशी बसतात, आणि एकेक बिऱ्हाड आपला कुत्रा आणि दोन पासपोर्ट फोटो घेऊन येतं. मी सांगून पाहिलं की हे बेकायदेशीर आहे, हास्यास्पद आहे, माझ्या सगळ्या विचारांच्या विरुद्ध आहे. ते चष्म्यावरून बघतात. परवा त्यांनी सेक्रेटरीच्या कुत्र्याचा अर्ज पुढे ओढला, पेन झटकलं आणि मला हाक मारली.

“ह्या शित्झूचं मूळ गाव काय लिहू गं?”

“चीन,” मी स्वयंपाकघरातून ओरडले.

ते थांबले. मला वाटलं, पटलं एकदाचं.

“तालुका सांग.”