तिच्या इंग्रजीचा हेवा

"क्रियापद गरीब असते वं, मागचा बारका शब्दच घोटाळा करते," असं म्हणत ती दोन्ही हात झटकायची. "हे 'गिव्ह अप'. सोडून देल्लं." मग मान खाली घालायची. "अन् हे 'गिव्ह इन'. हार मानली."

आम्ही दोघी वर्ध्याच्या एकाच दवाखान्यात नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची वरची परीक्षा द्यायची म्हणून एकाच क्लासला जायचो, सेलूला परतायचोही एकाच बसने. व्याकरण माझं पक्कं होतं, पण या जोडक्रियापदांनी मला छळलं. मी ती क्रियापदं पाठ करायचे, ती वापरायची. वॉर्डात साखर वाढलेल्या आजोबांनाही दटावायची, "आजोबा, गोड 'कट डाउन' करा बरं!" आजोबा हसायचे. मला हसू यायचं नाही. अशा माणसाशेजारी बसून तुम्ही कधी अभ्यास केलाय का?

एकदा सराव मुलाखतीत सरांनी तिला आयुष्यातल्या कठीण काळाबद्दल विचारलं. तिचा नवरा जाम गावाजवळ अपघातात गेला होता. सासूनं कसं सावरलं ते तिनं इंग्रजीत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आय डिडन्ट गेट ओव्हर इट. आय गॉट थ्रू इट." दुःख विसरले नाही, त्यातून पार झाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. आणि मला त्या क्षणीही त्या वाक्याचा हेवा वाटला. माझ्या सुखरूप संसारात असं एकही वाक्य नव्हतं.

बसमध्ये मी विचारलं, "पाठ करून आलती का वं?"

"नाई वं. मराठीत सांगताच येत नाई मले. गळा भरून येते."

ती पास झाली, परदेशी गेली. माझे गुण कमी पडले. तिच्या जागी वॉर्डात नवी मुलगी आली.

परवा तिचा फोन आला. मी मुद्दाम इंग्रजीत सुरू झाले, एकामागून एक जोडक्रियापदं फेकत. तिनं मध्येच थांबवलं. "नको वं. दिवसभर तेच करून राह्यली. आपल्यातलं बोल. माह्या सासूले भेटली का तू?"

भेटले होते. बुढीचे गुडघे दुखतात, तरी शेवया केल्या, अंगणात खाटेवर वाळत घातल्या, कोंबड्या हाकलत तिथंच बसून होती, असं सगळं सांगत गेले. पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कट झाला असावा म्हणून पाहिलं. चालू होता. मी बोलत राहिले.