दमयंतीचा परत न आलेला डबा

वुडलँड्सच्या त्या ब्लॉकमध्ये दमयंतीइतकी समंजस बाई दुसरी नव्हती, आणि त्या समंजसपणापायीच तिच्या संसाराचे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती.

कुणी लिफ्ट धरून ठेवली तर ही तीनदा सॉरी म्हणायची. शेजारच्या लिम आँटींनी एकदा पाऊस आला म्हणून हिचे वाळत घातलेले कपडे आत घेतले, तर पुढचे दोन दिवस ही त्यांच्या दारावरून चवड्यांवर चालत जायची. आपला कुणाला त्रास नको! पुण्यात या स्वभावाचं कौतुक व्हायचं. इथे परदेशात कौतुक करायलाही कुणी नव्हतं.

नवरा प्रणव सकाळी एमआरटीच्या गाडीने तांजोंग पगारला ऑफिसात जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. लेक निहारिकाशी मराठीत दोन शब्द बोलायला जावं, तर इथल्या इंग्रजीत उत्तर यायचं, "नेव्हर माइंड लाह, ममा." आसपासच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता म्हणायला. त्यात रोज सकाळी फुलं उमलायची, वाढदिवसाला केकचे फोटो यायचे, आणि ज्याचा वाढदिवस तो लिफ्टमध्ये समोर आला की लोक फोनमध्ये डोकं घालायचे.

दमयंतीने हातपाय मारले नाहीत असं नाही. गणपतीत उकडीचे मोदक केले आणि ग्रुपमधल्या पाच-सहा घरी स्वतः नेऊन दिले. कळ्या अशा की दृष्ट काढावी. पण दिले कशात? पातळ प्लॅस्टिकच्या डब्यांत. वर प्रत्येक दारात तेच पालुपद, "डबा टाकून द्या हं, परत द्यायची भानगड नको." लोक खूश. ग्रुपवर 'सो स्वीट'चा पाऊस. दार वाजवायला मात्र कुणी आलं नाही. दिवाळीत चकल्यांचंही तेच झालं.

मग एके दिवशी भाजी चिरता चिरता ती प्रणवला म्हणाली, "होळीपर्यंत बघते. तोवर इथे आपलं म्हणावं असं एक माणूस मिळालं नाही, तर निहारिकाला घेऊन मी पुण्याला जाते. तू ये सुट्टीला."

प्रणवने आधी हसून पाहिलं. मग तिच्या हातातल्या सुरीची लय पाहिली आणि हसणं आवरतं घेतलं.

संक्रांत आली. गुळपोळ्या झाल्या आणि डबे मिळेनात! चिनी नववर्षाच्या बिस्किटांसाठी अख्ख्या वुडलँड्सने दुकानं रिकामी केलेली. शेवटी ग्रुपमधल्याच, नवव्या मजल्यावरच्या अनघासाठी तिने कपाटातून स्टीलचा कडीचा डबा काढला. हा डबा म्हणजे लग्नातला आहेर, झाकणावर नाव घातलेलं: 'चि. सौ. कां. दमयंतीस, मामीकडून'. ही मामी फार खमकी. अजूनही दर फोनला भाचीच्या आधी डब्याची खुशाली विचारते.

डबा गेला तो गेलाच. आठवडा झाला, दोन झाले. शिवाय अनघा लिफ्टमध्ये दमयंतीला बघितलं की "अय्या, काहीतरी विसरले" म्हणून बाहेर पडायची. एकदा तर कचऱ्याची पिशवी हातात घेऊन परत घरात शिरली.

"मोठ्या ऑफिसात मॅनेजर आहे ना," दमयंती फणफणली, "डबा ढापते आणि वर तोंड चुकवते!"

"अगं, एक डबा तर आहे," प्रणव म्हणाला.

"मामीला तू सांगतोस?"

प्रणवने विषय सोडला. मामीला त्याचे वडीलही घाबरायचे.

अखेर एका रविवारी दमयंती नवव्या मजल्यावर गेली. दार उघडताच करपलेल्या बेसनाचा भपका आला. अनघाच्या कपाळावर पीठ, हातात कालथा, मागे ओट्यावर मामीचा डबा लखलखीत घासून ठेवलेला.

"अहो, तुमचा डबा..." अनघा रडकुंडीला आली होती. "रिकामा कसा परत करू? आईने जन्मभर तेच शिकवलंय. आणि मला मेलीला काही करता येत नाही! शिरा केला, त्याची वीट झाली. हे लाडूही गेले."

दमयंतीने कढईत डोकावलं आणि तिला हसू फुटलं. ते थांबेचना. "अगं, पण साखर घालून द्यायचीस चिमूटभर! आणि मग त्या मोदकांच्या वेळी का नाही फिरकलीस?"

"त्याचं काय, तुम्हीच म्हणालात डबा टाकून द्या. टाकून दिला. तुमच्याकडे परत यायला तुम्ही कारणच ठेवलं नाहीत, ताई."

दमयंतीचं हसू थांबलं. सहा घरांत वाकून वाकून आपण दारं लावून आलो होतो की काय? तिने पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली. "मंद कर तो गॅस. तूप आहे का?"

त्या दिवशी लाडू झाले, चहा झाला, आणि अनघाच्या सासूच्या तक्रारींची उजळणीही झाली. डबा भरून घरी आला. त्यातले चार लाडू दमयंतीने काचेच्या वाटीतून लिम आँटींना दिले आणि जीभ चावून 'टाकून द्या' गिळलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, आत दोन संत्री. "एम्टी कॅनॉट," आँटी डोळे वटारून म्हणाल्या. रिकामं भांडं परत न करायची रीत त्यांच्याकडेही! पुढे मामीचा डबा घरोघर फिरला. येताना कधी थालीपीठ आणायचा, कधी कुणाचं भांडण.

होळीच्या सकाळी प्रणवने भीत भीत विचारलं, "मग... तिकिटं बघू का?"

तव्यावरची पुरणपोळी उलथत दमयंतीने ओट्याकडे मान वळवली. तिथे अनघाचं पातेलं होतं, सहाव्या मजल्यावरच्या अश्लेषाचा चहाचा मोठा मग होता, आणि लिम आँटींचा निळ्या नक्षीचा वाडगा.

"लोकांची भांडी घरात ठेवून जाऊ कुठे?" ती म्हणाली. "त्या अनघाला लाडू येत असते ना, तर डबा दारातूनच परत आला असता आणि मी आज पुण्याला निघाले असते, प्रणव. देव तिला असंच ठेवो."

पोळ्या घालून वाडगा तिने निहारिकाकडे दिला. कार्टी शेजारून रिकाम्या हाताने परत आली.

"ममा, आँटी म्हणते आता तिची टर्न, बट शी विल टेक टाइम. कॅन ऑर नॉट?"

"कॅन म्हणावं," दमयंती पुढची पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "आम्ही इथेच आहोत."