वकीलसाहेबांची लाल पेन्सिल

आधीच सांगतो, भूतखेत, मुंजा, चकवा... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. आमी राणीसावरगावचे मेंढरंवाले. माळावर उघड्यात झोपणारी माणसं अंधाराला भ्यायला लागली तर मेंढरं कोण राखणार? आणि हे झालं ते तर भर दुपारी, परभणीत, स्टेशन रोडवर!

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तीन-चार वर्षं झालेली. मी तहसील कचेरीत कारकून. शिक्षण सगळं उर्दूत, आणि कामकाज आता इंग्रजीत चाललेलं. हुकूम आला — इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी जा. पहिल्या खेपेला मी सपशेल आपटलो. आता एकच खेप राहिलेली. वडील गावाकडून आले, भाकरीचं गठुडं खाली ठेवत म्हणाले, "आरं, लांडग्याच्या तोंडातून कोकरू सोडवलंस तू. इंग्रजीला कामून भ्यायलास?" लय लाज वाटली. म्हटलं, आता काहीही होवो, पास होणारच.

कचेरीजवळ, स्टेशन रोडवरच, एका वकीलसाहेबांचं घर होतं. साहेब वारून वर्ष झालेलं. हैदराबादचं एक जुनं इंग्रजी दैनिक ते पंचवीस वर्षं घेत होते, आणि एकही अंक रद्दीत गेलेला नव्हता. त्यांची सवय अशी — अवघड शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ, आणि शेजारी कोऱ्या जागेत बारीक अक्षरात उर्दू अर्थ. त्यांच्या पत्नीला, बाईंना, जाऊन विचारलं. "वाचा. पण इथंच बसून. आणि पहिल्या अंकापासून," त्या म्हणाल्या.

रोज जेवणाच्या सुट्टीत जायला लागलो. पहिल्याच दिवशी फजिती! उर्दू उजवीकडून वाचायची, त्या सवयीनं पेपर शेवटच्या पानाकडून उघडला. वाटलं, बाई हसतील. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "हेही असंच मागून उघडायचे."

त्या पेपरची सगळी जिंदगी माझ्या हाताखालून गेली. निजामाच्या फर्मानांची पानं, महायुद्धात कागद मिळेना तेव्हाचा दोन पानी अंक, ॲक्शननंतर एकदम पालटलेला सूर... नाव मात्र तेच. लाल रेघा धरून मी शिकत गेलो. मग एका अंकापाशी रेघा थांबल्या. त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी साहेब गेले होते. पुढचे अंक नुसते घडी घालून ठेवलेले. बाईंनी पेपर बंद केलाच नव्हता.

"आता कसं करू?" मी विचारलं.

"आता तुमचे तुम्ही."

डिक्शनरी उसनी आणली आणि दातओठ खाऊन त्या कोऱ्या अंकांशी झगडलो. परीक्षा दिली.

निकाल त्याच पेपरात येणार होता. त्या दुपारी पोस्टमननं बाईंच्या दारातच अंक माझ्या हातात दिला. वर चिकटवलेली, साहेबांच्या नाव-पत्त्याची कागदी पट्टी शाबूत. मीच ती फाडली, घाईत सवयीनं मागचं पान आधी उघडलं. निकाल तिथंच होता. माझ्या नंबराखाली लाल रेघ! आणि शेजारी बारीक उर्दू अक्षरांत — कामयाब.

पास झाल्याचा आनंद राहिला बाजूला. "बाई, चेष्टा करता काय माझी?" मी ओरडलोच.

"मला उर्दू कुठं येतं हो?"

खरंच येत नव्हतं. साहेबांची पेन्सिल टेबलाच्या खणात कुलपात होती. काढली तर बोटांना धूळ लागली. तरी मी हटलो नाही. पोस्टात जाऊन भांडलो. कचेरीत आलेला अंक बघितला. नंबर होता, रेघ नव्हती.

परत आलो तर बाई तो अंक मांडीवर घेऊन बसलेल्या. "काय लिहिलंय ते पुन्हा वाचा," म्हणाल्या. वाचलं. बराच वेळ त्यांचं बोट त्या रेघेवर होतं.

"आता पेपर बंद करायला कळवते," त्या म्हणाल्या. "त्यांचं वाचून झालं."

मी म्हणालो, "बंद नका करू, बाई. पट्टीवर माझं नाव घालायला सांगा."

नोकरी पुरी झाली, बाईही गेल्या. पेपर अजून माझ्या नावानं येतो. ती रेघ कुणी मारली, कशी मारली... चाळीस जणांना विचारून झालं, उत्तर मिळालं नाही. तशी रेघ पुन्हा कधी आली नाही. तरी मी अजून रोज मागचंच पान आधी उघडतो.