तोफेच्या बैलांची शाळा

परतवाड्याला निघालो त्या सकाळी बाबा बैलांच्या दमणीत पुढे बसले होते आणि मी मागे, कडब्यावर. दमणी हाकायचं काम एरवी माझं. त्या दिवशी गडी हाकत होता. मायनं दशम्यांचं गाठोडं दिलं आणि एवढंच म्हणाली, "तिथं जेवतान लाजू नोको." अकोटला बैलांना पाणी दाखवायला मी कासऱ्याला हात घातला, तेव्हा बाबा म्हणाले, "तुह्या हातात आता माहं जनावर नाई."

जे गावातच राहिले त्यांना ते दिवस आठवत असतील. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस लागू लागला आणि अकोल्याच्या बाजारात आमच्यासारखे कुणबी एकदम मोठे लोक झाले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आमच्या पाटलांनी खिशातलं घड्याळ घेतलं; वेळ विचारली की ते घड्याळ बाहेर काढत आणि सूर्याकडे बघून सांगत. बाप असे, मग पोरं काय करणार? आम्ही शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या नादी लागलो. मी सोळा वर्षांचा होतो. बाबा अमरावतीला गेलेले पाहून मी त्यांची जोडी शर्यतीत घातली आणि त्यातल्या पवळ्याचा पाय कायमचा गेला. बाबांनी मला मारलं नाही. परतवाड्याच्या सुभेदारांकडे नेलं.

सुभेदार छावणीतून निवृत्त झालेले. तेजीतल्या बापांची हाताबाहेर गेलेली पोरं ते घरी ठेवून घेत आणि त्यांना पलटणीसारखं राबवत. पहाटे बिगुल, मग हजेरी, कवायत, अंघोळ, पाटीवर अक्षरं, पुन्हा कवायत. त्यांचा लाल कोट पोटावर मिटत नसे, म्हणून ते नेहमी श्वास रोखून भाषण करत आणि त्यामुळे भाषणं आटोपशीर होत. कवायतीनं माणूस घडतो, हे त्यांचं ठाम मत. मला ते आजही पटत नाही. आमच्यातला एक जण उत्तम सलाम ठोकायला शिकला आणि घरी जाऊन पहिल्यापेक्षा जास्त जुगार खेळू लागला.

पण त्या अंगणात कोणी कोणाचा मुलगा नव्हता. सगळ्यांना तीच भाकर, तेच वरण, तीच घोंगडी. कोणाच्या बापाचा कापूस किती, हे विचारलं की त्या दिवशी शेण उचलायला लागे. या गोष्टीचा उपयोग मात्र झाला.

माझ्याबद्दल बाबांनी सगळं सांगून ठेवलं होतं. सुभेदारांनी मला छावणीतून निकामी म्हणून काढलेले तोफेचे बैल सांभाळायला दिले. मला वाटलं, थट्टा चालली आहे. अट एकच: काठी नाही आणि ओरडणं नाही. "ये तोप के बैल है, बेटा," ते म्हणाले. "इनके कान के पास गोला फुटा है. तू चिल्लाके क्या करेगा?" बाकीची पोरं मला तोफेवरचा गोलंदाज म्हणून चिडवत. महिनाभर बैलांनी मला हुंगलंही नाही. मग हळूहळू माझा आवाज खाली आला, आणि बैल चालू लागले.

पोळ्याला बाबा आले. पोळ्याच्या दिवशी आपल्या गावाबाहेर राहणारा कुणबी मी त्याआधी पाहिला नव्हता. जोडीही बरोबर आणली होती. जुना चांद्या आणि पवळ्याच्या जागी घेतलेला नवा बैल. तोरणाखाली ते रांगेत उभे राहिले. मी समोरच्या रांगेत, माझ्या म्हाताऱ्या बैलांपाशी.

तोरण तोडायला छावणीतले साहेब येणार, म्हणून सुभेदारांनी ते दिसताच बिगुल फुंकायला लावला. कुणब्यांच्या बैलांनी एवढ्या जवळून बिगुल कशाला ऐकलाय? सगळी रांग उधळली. तोफेचे बैल तेवढे पुतळ्यासारखे उभे राहिले. बाबांच्या हातून कासरा सुटला आणि नवा बैल गर्दीतल्या बायापोरांकडे निघाला. मी त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिलो, हात खाली सोडून. ओरडलो नाही. हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिलो. तो थांबला, फुसफुसला, आणि मी कासरा उचलला.

बाबा धापा टाकत आले. मी कासरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"राहू दे तुह्यापाशीच," ते म्हणाले. "घरी चाल आता."

जाताना दमणी मीच हाकली. सुभेदारांनी साहेबांना सांगितलं की हा सगळा कवायतीचा परिणाम. मी खोडून काढलं नाही.

दोन हंगाम गावी राहिलो आणि मग बाबांना विचारून परतवाड्याला परत आलो. अमेरिकेतली लढाई संपली, भाव उतरले, पाटलांचं घड्याळ गेलं. पोरं मात्र येतच राहिली, आता बापाच्या श्रीमंतीऐवजी बापाच्या चिडचिडीमुळे बिघडलेली. सुभेदारांना बैलांचं काम शिकवणारा हवा होता. त्यांच्यामागे ती शाळा मी चालवतो. बिगुल ठेवला आहे, भाषणं काढून टाकली.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले कधी विचारतात, आता घर कोणतं? गेल्या पोळ्याला नदीला पूर होता, गावी पोचता आलं नाही. मायनं दिवे लागेपर्यंत माझं ताट झाकून ठेवलं होतं, हे भावानं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तोवर पोळा सरला होता, म्हणून अर्ध्या वाटेवरून परतवाड्याला परतलो, तर पोरांनीही माझ्या वाटणीची पुरणपोळी झाकून ठेवली होती. थोडी वाळली होती. मी ती दुधात बुडवून खाल्ली.