शेवटच्या कडव्यातलं नाव

माझी सुंदरामावशी नवऱ्याचं नाव घेत नसे. रेशनकार्डाच्या वेळी साहेबानं विचारलं, तर तिनं माझ्या आईला कोपरानं ढोसलं, "तू सांग गो." वर्षातून एकाच दिवशी ते नाव तिच्या तोंडून निघायचं, चौदा एप्रिलला, आणि तेही गाण्यात.

तिचा नवरा भिमा सोनावळे. आम्ही त्याला भिमाकाका म्हणायचो. मूळचा वाशिंदकडचा, पण लग्नानंतर म्हसा गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या बौद्धवाड्यातच राहिला. बांधकामावर डोक्यावरून वाळूची पाटी वाहायचा आणि चालता चालता गाणी जुळवायचा. शाळा तिसरीत सुटलेली. वाड्यातल्या गायनपार्टीत ढोलकी त्याची, आणि बरीचशी गाणीही त्याचीच. त्यातलं एक सगळ्यांच्या ओठांवर होतं:

डोईवरची पाटी ठेव,
हातामंदी पाटी घे.

एक पाटी वाळूची, दुसरी शाळेची. शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव गुंफायचं, ही या गाण्यांची रीत. काकानंही गुंफलं होतं:

भिमा म्हणे ऐका गो,
लेकराला शिकवा गो.

मावशी कोरसमध्ये मागं बसायची. हे कडवं आलं की तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. बाया तिच्या पाठीत गुद्दे घालायच्या. "घेतलंस गो नाव! वर्षाचा कोटा संपला तुजा!" मावशी पदर तोंडावर घेऊन हसायची. मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात होते. मला वाटायचं, नवऱ्याचं नाव घेताना एवढं लाजायचं काय त्यात.

एक्क्याण्णव साल बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं. त्या जयंतीला कल्याणहून एक मोठी पार्टी वाड्यात आली होती. त्यांनी काकाचं गाणं दोनदा म्हणायला लावलं, चाल उचलली आणि गेले. पुढच्या पावसाळ्यात काकाला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग मंत्र झाला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्यातच तो गेला.

दोनेक वर्षांनी चौदा एप्रिलच्या सकाळी समाजमंदिरावरच्या भोंग्यातून ते गाणं आलं. कॅसेट नवी होती. गाण्याला आता बेंजो होता, बासरी होती, आणि आवाज कुणा परक्याचा होता. मावशी खिरीचं पातेलं ढवळत होती. पळी तशीच हातात धरून ती बाहेर आली.

"आमच्या घरातल्यांचं गाणं हाय हे," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. शेवटच्या कडव्याला तिनं डोळे मिटले. "नाव हाय. नाव ठेवलंय त्यांनी."

मग तिनं मला कॅसेटचं कव्हर वाचायला लावलं. गायक अमुक, संगीत तमुक आणि गीत पारंपरिक.

"हा पारंपरिक कोण? कुठल्या गावचा?"

मी समजावलं की ज्याचा कवी ठाऊक नसतो त्याला तसं म्हणतात.

"ठाऊक नाय कसा? गाण्यात सांगितलंय ना!"

सांगितलं होतं. पण 'भिमा म्हणे, लेकराला शिकवा' असं ऐकल्यावर आमच्या माणसाच्या डोळ्यांपुढं एकच भीम उभा राहतो. बाबासाहेबांखेरीज कुणी ते म्हटलं असेल, असं कुणाच्या मनातही येणार नाही. काकाचं नाव पुसलं नव्हतं, ते मोठ्या नावात विरघळलं होतं.

त्यानंतर दर जयंतीला मावशी कमिटीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. "हे गाणं आमच्या घरातल्यांचं हाय. तेवढं माइकवर सांगा."

"घरातल्यांचं म्हणजे कोणाचं?"

"यांचं."

"यांचं म्हणजे?"

तिथं ती अडायची. एवढ्या पुरुषांपुढं नाव घ्यायचं तर जीभ रेटत नसे. आई सोबत असली तर सांगायची, "भिमा सोनावळे, हिचा नवरा." मग कुणीतरी शहाणं माणूस म्हणायचं, "मावशे, गाणं समाजाचं झालं. बाबासाहेबांच्या पुढं आपलं नाव कशाला?" मावशी मागं फिरायची. बाबासाहेबांचा फोटो तिच्याही घरात होता, काकाच्या फोटोच्या वर.

लग्न होऊन मी वाशिंदला आले, पण जयंतीला माहेरी जायचे. बघता बघता कॅसेटच्या जागी सीडी आली, मग डीजेची गाडी. गायनपार्टी मोडली. ढोलकी कुणाच्या तरी माळ्यावर गेली. दोन हजार तीन साली म्हाताऱ्या बाया हट्टाला पेटल्या की सुंदराला एक गाणं म्हणू द्या. कमिटीत रत्नदीप नावाचा तरुण होता. त्यानं हो म्हटलं. "एकच हां मावशी. डीजेवाल्याचा टाइम चाललाय."

मावशीनं ते गाणं म्हटलं. आवाज चिरकत होता, पण लोक ऐकत होते. शेवटचं कडवं आलं आणि तिनं शब्द बदलले:

वाशिंदचा भिमा म्हणे...

चालीत बसत नव्हतं. एक शब्द जास्त होता. मागून एक पोरगा ओरडला, "ओ मावशी, बाबासाहेब महूला जन्मले! वाशिंदला नाय!"

हशा उसळला. मग दुसरा उठला, तो हसत नव्हता. "थट्टा लावलीय काय बाबासाहेबांची?"

"तो नाय रे," मावशी म्हणाली. "तो नाय... आमचा..."

"आमचा कोण?"

रत्नदीपनं माइक काढून घेतला. वाईट हेतूनं नाही, भांडण वाढू नये म्हणून. डीजेवाल्याला हात केला. योगायोग असा की त्यानं तेच गाणं लावलं, नव्या ठेक्यावरचं. 'पाटी घे, पाटी घे' एवढंच पुन्हा पुन्हा. मी शेवटच्या कडव्याची वाट पाहिली. ते त्यात नव्हतंच. पोरं नाचत होती, आणि मावशी खुर्च्यांच्या मागून, भिंतीच्या कडेनं घरी गेली.

त्यानंतर ती गायली नाही.

दोन हजार सातच्या सुरुवातीला तिच्या छातीत पाणी झालं, म्हणून मी तिला वाशिंदला आणलं. माझी पौर्णिमा तेव्हा चौथीत होती. ती मावशीच्या उशाशी बसून गाणं शिकायची. आमच्या कॉलनीतल्या विहारात जयंतीला मुलांचा कार्यक्रम होता. मला धाकधूक होती, कुणी माझ्या पोरीवरही ओरडलं तर? पण मावशीनं तिचा हात धरला.

"शब्द बदलू नको. आधी सांग, कोणी लिवलं ते."

"काय सांगू, आजी?"

मावशीनं दाराकडं पाहिलं. मी तिथं होते, माझे मालक होते. तरीही ती बोलली. "भिमा धोंडू सोनावळे."

गाण्याबाहेर ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. पौर्णिमा ते घोकत राहिली, अंघोळीला जाताना, वेणी घालून घेताना.

विहार भरला होता. पौर्णिमा माइकपाशी गेली, वहीतला धडा म्हणावा तसं एका दमात म्हणाली, "हे गाणं लिहिलंय भिमा..." श्वास घ्यायला थांबली, आणि सूत्रसंचालकानं सवयीनं हात उंचावला. "जय भीम!" सगळा विहार गरजला, "जय भीम!" तबलेवाल्यानं ठेका धरला. पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी गर्दीत अडकले होते. तिनं गायला सुरुवात केली. छान गायली. खूप टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर मावशीनं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं, आजी."

"मग लोक काय म्हटले?"

पौर्णिमा खोटं बोलायला अजून शिकली नव्हती. "जय भीम म्हटले."

मावशीनंही सवयीनं हात जोडले, "जय भीम." मग हात खाली आले आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. जूनमध्ये ती गेली.

पौर्णिमा आता सहावीत आहे. शाळेच्या गाण्याच्या तासाला ती पोट दुखतंय म्हणते. डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. परवा जेवताना अचानक तिनं मला विचारलं, "आई, मी आडनाव आधी घ्यायला पाहिजे होतं का गं?"