मागाच्या खड्ड्यातली वाइन

आप्पांचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच सकाळी अण्णा म्हणाला, "मागाचा खड्डा बुजवून टाकू. कोण बसणार हाय आता तितं?" वडगावच्या घरात वडिलांपाशी, म्हणजे आप्पांपाशी, मी एकटीच राहिले होते. मी शाळेत शिकवते, हातमागावर विणणं मला येत नाही. बुजव म्हटलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. माग सोडून गोव्याच्या हॉटेलात नोकरीला गेला आणि पहिल्या सुट्टीला आप्पांसाठी पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन आला. दुकानातली सगळ्यात स्वस्त. आप्पांनी घर डोक्यावर घेतलं. अण्णा त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेला, आणि पुढची बारा-पंधरा वर्षं सणासुदीलाच काय तो उगवायचा. बाटली आप्पांनी गटारात ओतली असणार, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

खड्ड्यात उतरलेल्या अण्णालाच ती सापडली. विणकर पाय सोडून बसतो त्या फळीखाली, वरून दिसणार नाही अशा कोनाड्यात, ओल्या वाळूवर आडवी, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली.

"जाताना मी बडबडलो हुतो, उभी ठेवू नगा, गारव्याला ठेवा म्हणून. ऐकलं गं त्येंनी!" अण्णानं बूच काढलं, वास घेतला आणि तिथंच बसला. वाइनचा रंग मधासारखा झाला होता. "असली स्वस्तातली दोन वर्सांत वाया जाती. ही बघ की, लई झ्याक झालीया."

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गुडघे गेले तसा आप्पांचा माग बंद पडला, तरी उन्हाळ्यात रोज ते मला खड्ड्यात पाणी शिंपडायला लावायचे. ओल असली की सूत तुटत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मागावर सूतच नव्हतं! म्हातारपणाचा हट्ट समजून मी शाळेतून आल्या आल्या कळशी उचलायची. दमलीस का गं, असं त्या माणसानं एकदा विचारलं नाही. माझ्या आमटीत मीठ कमी असायचं, माझा चहा गार असायचा. आणि जो निघून गेला त्याची बाटली जपली, तीही माझ्याच हातून. मला आप्पांचा भयंकर राग आला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी येऊ नये, पण आला.

अण्णा डोळे पुसत होता. "आप्पांनी मला माफ केलतं गं."

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानं स्टीलच्या पेल्यात घोटभर ओतून माझ्यापुढं धरली. जन्मात कधी शिवले नव्हते, पण घेतली. खरंच चांगली होती. गिळल्यावरही तोंडात कितीतरी वेळ राहिली.

"कशी हाय?" अण्णानं आशेनं विचारलं.

"आंबट," मी म्हटलं, आणि पेला पुन्हा पुढं केला.