वनिताच्या चेटकिणी आणि त्यांच्या खुणा

वनिता गेली, त्याला आता दीडेक महिना होईल. माझी धाकटी जाऊ. मोबाईलवर दिरांचा आवाज आला, "वहिनी, या लवकर..." आणि फोन कट झाला. मी विचुंब्याहून रिक्षा केली आणि अख्खी वाट त्या बिचाऱ्या रिक्षावाल्यावर ओरडत राहिले, जसा काही उशीर त्याच्यामुळेच झाला होता.

किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा मी तिला पनवेलच्या डायलिसिस सेंटरवर न्यायची. चार तास खुर्चीत पडून राहायचं, हात हलवायचा नाही. मी आपली मोबाईलवर भावगीतं लावून द्यायची, तर ही बया म्हणे, "बंद करा ते ताई, झोप येते. त्यापेक्षा मी गोष्ट सांगते." गोष्ट कुणाची, तर चेटकिणींची! मी कपाळावर हात मारला. "अगं, आजारी माणसानं काय बोलावं याला काही ताळतंत्र?" पण शेजारच्या खुर्चीवरच्या जासईच्या काकींनी केव्हाच कान टवकारले होते.

वनिताच्या चेटकिणींना ना झाडू, ना उलटे पाय. त्यांची प्रत्येक जादू त्यांच्या अंगावर खूण ठेवून जाई. पाऊस पाडणारीला दिवसभर फुलपात्रभर पाण्यावर राहावं लागे, कारण बाकीचं पाणी तिनं ढगांना देऊन टाकलेलं. रात्री जादू करणारीचा रंग काळवंडे, कारण रात्र थोडी अंगाला लागतेच. आणि सगळ्यांत मोठी चेटकीण कोण, तर जिच्या मनगटातून जादू आत शिरते ती! तिथली शीर दोरखंडासारखी फुगते आणि आतल्या आत गुणगुणत राहते. एवढं सांगून, सुया निघाल्या की वनिता आपला हात काकींपुढे धरायची. डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली तिची शीर खरोखरच थरथरायची... ती थरथर थांबली तर धोका, म्हणून रोज बोट ठेवून बघायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काम माझं. एकदा काकींनी आपल्या मनगटाला कान लावला आणि म्हणाल्या, "माझी पन बोलते गो!" दोघी लहान पोरींसारख्या हसत सुटल्या. नर्स ओरडली तेव्हा कुठे थांबल्या.

एका हळदीला ती अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून आली. बायका तिच्या हाताकडे टकामका बघायला लागल्या. मी पदर ओढून हात झाकायला गेले, तर मलाच म्हणाली, "राहू द्या ताई. एवढं सोसून मिळवलंय, झाकायचं कशाला?" तेव्हा मला तिचा असा राग आला होता. आज तो हात डोळ्यांपुढे आला की रडू आवरत नाही.

सेंटरवर एक रीत होती. कुणी वारलं तर बाकीच्या पेशंटना सांगत नसत. खुर्ची रिकामी दिसली की म्हणायचं, "त्यांना पुण्याला शिफ्ट केलं." कुणाचा धीर सुटू नये, एवढाच हेतू. पण वनिता भडकायची. "इतके महिने शेजारी बसलेलं माणूस गेलं, तर रडायचंही नाही का? ताई, माझ्या वेळेला हे पुणं नको हां." मी दटावलं, "तोंड आवर!" पण ती हात सोडीना, तेव्हा शब्द दिला.

तो शब्द पाळायची हिंमत मला गेल्या आठवड्यात झाली. सेंटरवर गेले, काकी मशीनला जोडलेल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "वनिताला पुन्याला नेली ना?" त्यांच्यामागून नर्स मला हातानं खुणावत होती, सांगू नका.

"नाही काकी. वनिता वारली."

काकींनी मोकळ्या हातानं डोळे पुसले. "मना तवाच कलला होता... पन कोनी सांगतच नाय, मंग रडायचा कसा?" आम्ही दोघी रडलो. नर्सनंच मग पाणी आणून दिलं.

बऱ्याच वेळानं काकींनी विचारलं, "तिच्या गोष्टीतली ती मोठी चेटकीन... ती मेली, तर तिची निशानी जाते का गो?"

वनिताला शेवटची अंघोळ मीच घातली होती. सवयीनं मनगटावर बोट ठेवलं होतं आणि बोटाखाली काहीच हललं नव्हतं. पण ती फुगलेली शीर, त्यावरचे सुयांचे डाग, सगळं जिथल्या तिथं होतं.

"नाय काकी," मी म्हटलं. "तशीच राहते. मी बघितलीय."